पुढचा हात

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा आमच्या घरात माझ्या पराभवाचा आठवडा असतो. वर्षभर मी जे जे जपून ठेवलेले असते, म्हणजे बंद पडलेली घड्याळे, जुन्या पत्रांचे गठ्ठे, झाकणे हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणे, त्या सर्वांचा निकाल या आठवड्यात लागतो. मी स्टुलावर चढून माळ्यावरची एकेक वस्तू खाली देतो; सौभाग्यवती पदर खोचून खाली उभी असते आणि तिच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडतात : "ठेवा" किंवा "टाका". "ठेवा" क्वचित आणि "टाका" वारंवार. पहिलीदुसरी वस्तू टाकताना जिवावर येते. पण पुढे पुढे टाकण्याचीही एक लहर चढते, आणि रात्री भरलेल्या पिशव्या दाराबाहेर ठेवून आपण आत वळतो तेव्हा घराबरोबर मनही हलके झाल्यासारखे वाटते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा.

गेल्या वर्षी मात्र हे हलकेपण एका रात्रीपुरतेच टिकले. सकाळी चहा घेताना सौ.ने विचारले, "अहो, सासूबाईंचा करंडा कुठे ठेवलात?" माझ्या आईचा कुंकवाचा करंडा, लहानसा, चांदीचा, एका बाजूने चेपलेला. तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी बाजूला ठेवला होता. आणि ती बाजू, आता आठवले, "टाका"ची होती. मी दार उघडून पाहिले. पिशव्या नव्हत्या. रोजच्याप्रमाणे त्या भल्या पहाटे गेल्या होत्या.

कुठे गेल्या होत्या? जिन्यावरून उतरता उतरता माझ्या ध्यानात आले की, चेंबूरमधल्या या इमारतीत मला चाळीस वर्षे झाली. या चाळीस वर्षांत रोज एक पिशवी मी दाराबाहेर ठेवली आणि ती कुठे जाते, हा प्रश्न मी आज पहिल्यांदा विचारीत होतो. तोही अशासाठी, की तिच्यात माझे काहीतरी होते.

पहारेकऱ्याने सांगितले तेव्हा कळले की आमच्या गल्लीच्या टोकाला, एका पत्र्याच्या आडोशाला, मोठी गाडी येण्यापूर्वी चार इमारतींचा कचरा निवडला जातो. तिथे दोन बाया बसल्या होत्या. मी धापा टाकीत काय झाले ते सांगितले. त्यांतली चाळिशीची एक बाई म्हणाली, "कुठली बिल्डिंग, काका?" मी सांगितले. "मग ही असंल. तुमच्या जिन्यातल्या पिशव्या मला कळत्यात. चहाचा चोथा नि कागद एकात एक कालवता तुम्ही." आमच्या जिन्यातल्या कुणालाही तिचे नाव ठाऊक नव्हते, तिला मात्र आमचा चहा ठाऊक होता.

तिने पिशवी उलटी केली, हाताने चाळली आणि भिजलेल्या कागदातून करंडा बाहेर काढला. पदराने पुसून तो माझ्या हातावर ठेवला. मी खिशात हात घातला तेव्हा ती म्हणाली, "पैशाचं राहू द्या, काका. तेवढं दाढीचं पातं मोकळं टाकत जाऊ नका. कागदात गुंडाळून टाका." तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"आमचेच पाते कशावरून?" हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण आमच्या जिन्यात पाते वापरून दाढी करणारा मी एकटा म्हातारा उरलो आहे. बाकीचे सगळे यंत्राने करतात. मी काही न बोलता परत आलो.

करंडा देवघरात गेला. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. त्या पिशवीतला करंडा माझा होता, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. तो टाकला गेला होता, दाराबाहेर गेला होता, दुसऱ्याच्या हातात पडला होता, तरी तो माझाच होता. मग त्याच पिशवीतले पाते कुणाचे होते? चांदी टाकली तरी माझी राहते आणि लोखंड टाकताक्षणी परके होते, असा कोणता न्याय आहे? वस्तू आपली केव्हा होते याचा विचार माणसाने पुष्कळ केला आहे. ती विकत घेतली, वारशाने मिळाली, कुणी दान दिली, या प्रत्येकाचे शास्त्र आहे. पण ती आपली असणे नेमके केव्हा संपते? ती टाकल्याने संपते का?

माझे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी "कचरा" हा शब्द मी फारसा ऐकल्याचे आठवत नाही. याचा अर्थ तिथे टाकाऊ असे काही नव्हते असा नव्हे. पण प्रत्येकाला स्वतःचे नाव होते आणि नावाबरोबर स्वतःचे ठिकाण होते. घर झाडून निघे तो केर. तो उकिरड्यावर जाई. जेवणाचे उरे ते खरकटे. ते म्हशीच्या पाटीत पडे. देवावरचे उतरे ते निर्माल्य. त्यावर पाय पडू नये म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी ठेवीत. चुलीतली राख भांड्यांना लागे. शेणाच्या गोवऱ्या होत. फाटलेल्या लुगड्यांची वाकळ होई, वाकळ फाटली की तिचे पोतेरे होई, आणि पोतेरे झिजले की तेही अखेर उकिरड्यावरच जाई. आजीला विचारले असते की अमुक वस्तू कुठे टाकू, तर तिने ठिकाण सांगितले असते. "टाकून दे" एवढेच म्हणणे तिला अपुरे वाक्य वाटले असते. आज मात्र केर, खरकटे, रद्दी, चिंध्या, निर्माल्य ही सारी नावे एका "कचरा" या शब्दाने गिळून टाकली आहेत, आणि नावांबरोबर ठिकाणेही गेली.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. दैवाचे फेरे सांगण्यासाठी ती वापरतात. पण ही म्हण ज्याने प्रथम केली त्याने उकिरडा डोळ्यांनी पाहिला होता, असे मला वाटते. कारण उकिरड्याची दैना खरोखरच फिटत असे. उन्हाळ्यात बैलगाड्या येत, उकिरडा खणून भरला जाई, शेतात पसरला जाई. आणि जिथे काल दुर्गंधी होती तिथे खड्ड्याची स्वच्छ ओली माती दिसे. टाकलेले धान्याच्या रूपाने घरी परत येई. वर्तुळ पुरे होई.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर हा लेख दिवाळीच्या फराळासारखा गोड झाला असता. पण ते खरे झाले नसते. कारण आमच्या घरच्या त्या नीटनेटक्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती की जी उकिरड्यावरही जात नसे. मेलेले ढोर, घाण, मैला. तीसुद्धा कुठेतरी जातच होती. म्हणजे कुणीतरी ती नेत होता. तो गावकुसाबाहेर राही. सणाच्या दुसऱ्या दिवशी तो अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला की आजी त्याला उरलेली पोळी देई. देई, असे मी सवयीने लिहून गेलो. माझी आजी मायाळू होती, पण ती पोळी देत नसे. ती वरून, हाताला हात लागू नये अशा बेताने, त्याच्या पदरात टाकीत असे. केर टाकण्याला जे क्रियापद, तेच त्या माणसाला अन्न देण्याला. आणि केर जिथे जाई ते "बाहेर" आणि तो माणूस जिथे राही ते "बाहेर", हेही एकच. लहानपणी मला यात काही खटकले नाही. आता ते आठवले की घास अडतो.

तेव्हा जुनी घरे निर्मळ होती याचे सारे श्रेय काटकसरीला आणि उकिरड्याला देता येणार नाही. त्या निर्मळपणाची एक बाजू ठरावीक माणसांच्या जन्मावर टेकलेली होती. हे ज्यांना त्या काळातही उमगले ते थोडे होते. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन हे त्यांपैकी एक. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी त्यांनी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी अन्नत्याग सुरू केला, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. सरकारची एखादी सवलत मिळावी म्हणून तुरुंगात उपोषणे पुष्कळांनी केली असतील. घाण उचलायची परवानगी मिळावी म्हणून केलेले हे उपोषण वेगळेच म्हटले पाहिजे. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे त्यांनी मैल्याचे खत करण्याचे, मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उपयोग करण्याचे प्रयोग केले. जे टाकले जाते त्याला हात लावणारा माणूस त्यामुळे हलका होत नाही, हे त्यांना पुस्तकात न लिहिता हाताने दाखवायचे होते.

गाव सोडून मी मुंबईला आलो, आणि "बाहेर" हा शब्द माझ्यापुरता आणखी लांब गेला. गावात तो वेशीपर्यंत तरी दिसे. शहरात तो दिसेनासा झाला. पण दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही. मुंबईचे "बाहेर" शंभरहून अधिक वर्षे एका ठरावीक दिशेला आहे. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले, आणि त्यानंतरच्या काळात वस्तीतली घाण वस्तीपासून दूर नेण्यासाठी ती आगगाडीच्या डब्यांतून चेंबूर-देवनारच्या दलदलीकडे जाऊ लागली. देवनारच्या क्षेपणभूमीचे वय १९२७ पासून मोजतात. सुमारे १३२ हेक्टरांची ती जागा; खाडीच्या काठची, एके काळी सपाट. आज तिथे कित्येक मजली डोंगर आहेत, आणि ते सह्याद्रीसारखे निसर्गाने केलेले नाहीत. ते आमच्या दाराबाहेरच्या पिशव्यांनी केले आहेत.

या डोंगराच्या पोटात काय चालते ते जाणून घेण्यासारखे आहे. उकिरड्याला वारा लागत असे, त्याची उलथापालथ होत असे, म्हणून त्याचे खत होई. इथे ओले आणि सुके, भाजीची देठे आणि प्लॅस्टिक, एकावर एक दाबून बसते. आत हवा जात नाही. हवेवाचून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो, आणि पावसाचे पाणी त्या सगळ्यातून झिरपत काळे, विषारी होऊन तळाशी उतरते. तळाला अस्तर नसेल तर ते जमिनीत आणि खाडीत जाते. वायूला वाट नसेल तर तो पेट घेतो, आणि आतल्या आत धुमसणारी आग वरून पाणी मारून विझत नाही. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला अशी आग लागली. तिचा धूर अवकाशातल्या उपग्रहांनी टिपला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्या घराच्या खिडक्याही आम्ही कित्येक दिवस लावून घेतल्या होत्या. मी तेव्हा संतापून संबंधितांना एक पत्र लिहिले. "कुणाच्या तरी बेपर्वाईचा धूर आमच्या घरात का यावा?" असे एक वाक्य त्यात होते आणि ते मला चांगले साधले आहे असे वाटले होते. करंड्याच्या प्रसंगानंतर त्या पत्राची प्रत मी काढून वाचली. त्या धुरात माझ्या घरची तीस वर्षे जळत होती. धूर बाहेरून आला नव्हता. तो घरी परत आला होता.

आणि मी तर खिडकी लावू शकत होतो. देवनारच्या पायथ्याशी शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वस्त्या आहेत. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसे १९७० च्या दशकात तिथे वसवली गेली. म्हणजे शहराने आधी आपला कचरा तिथे ठेवला आणि मग, ज्यांना ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती अशी आपली माणसेही तिथेच ठेवली. २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल निघाला. त्यात शहराच्या सर्व विभागांत हाच विभाग तळाला होता. माझ्या खेड्यातले गावकूस मी मागे टाकून आलो, अशी माझी समजूत होती. शहरानेही एक गावकूस बांधले आहे. फक्त ते माझ्या खिडकीतून दिसत नाही एवढेच.

माझे एक वकीलमित्र आहेत. त्यांच्याशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "तू उगाच मनाला लावून घेतोस. तू कर भरतोस. त्या करातून कचरा नेण्याची व्यवस्था होते. तू पत्र पेटीत टाकतोस ते कुणाच्या हातून कुठे जाते, याची चौकशी करतोस का? मग कचऱ्याचीच का? श्रमविभाग हाच तर शहराचा पाया आहे."

युक्तिवाद बिनतोड वाटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातली फट दिसली. पत्राच्या शेवटी एक माणूस असतो, आणि तो त्या पत्राची वाट पाहात असतो. कचऱ्याच्या शेवटीही एक माणूस असतो. पण त्याला तो नको असतो, आणि नको म्हणण्याची सोय त्याला नसते. कर भरून मी वाहून नेणाऱ्याचे श्रम विकत घेतो, हे कबूल. पण देवनारच्या पोराच्या छातीत जाणारा धूर सोसण्याची किंमत माझ्या करपावतीत कुठेच लिहिलेली नाही, आणि ती घेऊन तो सोसायला कुणी कबूलही झालेले नाही. सौदा दोघांत होतो. इथे तिसराच माणूस भरडला जातो.

मित्र कायद्याचे जाणकार, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला नियम दाखवले. ते वाचून माझे मत थोडे बदलले, हे सांगितले पाहिजे. नियम म्हणजे रुक्ष कागद, अशी माझी समजूत होती. पण या नियमांमागे एक मोठी नैतिक खटपट आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून २००० साली शहरांच्या घनकचऱ्यासाठी देशभराचे नियम झाले, आणि २०१६ साली ते पुन्हा नव्याने लिहिले गेले. २०१६ च्या नियमांनी सांगितले की घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करावा. ज्याचे खत होत नाही, ज्याचा पुन्हा उपयोग होत नाही, असेच काय उरेल ते भरावभूमीत जावे. तळाशी मातीचे आणि प्लॅस्टिकचे अस्तर असावे, झिरपणारे पाणी गोळा करावे, वायूला वाट द्यावी, आणि जागा भरून बंद केल्यावरही निदान पंधरा वर्षे तिच्यावर लक्ष ठेवावे. टाकल्यानंतरची पंधरा वर्षे! टाकले म्हणजे संपले नाही, हे आमच्या घरात कुणी म्हणत नव्हते. ते सरकारी राजपत्र म्हणत होते.

त्याच नियमांत अंतरेही होती. अशी जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, उद्याने आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर, आणि विमानतळापासून २० किलोमीटर दूर असावी. विमानासाठी वीस किलोमीटर आणि माणसासाठी दोनशे मीटर, हे वाचून प्रथम मला विषाद वाटला. मित्राने समजावले, की कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात, ते विमानावर आदळले तर शेकडो जीव जातात; अंतर त्यासाठी आहे. कारण पटले. तरीही एक गोष्ट मनात राहिली. विमान पडले तर ते एका क्षणात पडते आणि साऱ्या जगाला दिसते. वस्तीतला माणूस वीस वर्षे थोडा थोडा खंगत जातो. जे हळूहळू घडते त्याचे अंतर आपण नेहमीच कमी धरतो.

आणखी एक गोष्ट मला या शोधात कळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, शहराच्या कचऱ्याची नीट विल्हेवाट लागत नाही तोवर नव्या इमारतींना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ती बंदी शिथिल केली. घरे बांधणाऱ्यांना आणि घरे हवी असलेल्यांनाही तो आदेश जाचक वाटला असेल. पण त्यातला विचार आजीच्या विचारासारखाच नाही का? घर बांधायचे तर आधी परसात उकिरड्याची जागा धरायची. ज्या घराला स्वतःचे टाकलेले ठेवायला जागा नाही, ते घर अजून पुरे झालेले नाही. ते दुसऱ्याच्या अंगणात वाढलेले आहे.

नियम आहेत म्हणून काही होते, याचेही दाखले आहेत. मुंबईतलीच गोराईची कचराभूमी २००९ च्या सुमारास शास्त्रोक्त रीतीने झाकून, वायू काढून घेण्याची सोय करून बंद केली गेली. कोकणातल्या वेंगुर्ल्याने आपल्या कचराभूमीची उद्यानासारखी जागा करून दाखवली. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायांनी आणि पुरुषांनी "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" ही संघटना उभारली, आणि २००८ पासून "स्वच्छ" ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा नेऊ लागली. अप्पासाहेबांनी तुरुंगात जे मागितले त्याचाच हा पुढचा भाग मला वाटतो : ज्या हाताला आपण टाकतो, त्या हाताला नाव असावे, ओळखपत्र असावे, मजुरी ठरवण्याचा हक्क असावा.

मग देवनारचे काय? २०२४ साली राज्य सरकारने तिथली सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे ठरवले. त्या भूमीवर साचलेला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून, जमीन मोकळी करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्याचे ठरले. म्हणीतल्या उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटली. या उकिरड्याची फिटण्याची भाषा सुरू व्हायलाच शंभर वर्षे जावी लागली. ती खरोखर फिटो. पण ज्या जमिनीवर पुन्हा माणसेच राहायला जायची आहेत, तिच्या पोटातले शेवटचे टोपले निघाले की नाही, हे पाहणे फक्त तिथे जाणाऱ्यांचे काम नाही. ते टोपले आपण सर्वांनी भरले आहे.

मित्राचा शेवटचा प्रश्न रास्त होता. तो म्हणाला, "तू पाते कागदात गुंडाळलेस म्हणून देवनारचा डोंगर एका इंचाने तरी उतरेल का?" नाही उतरणार. जो कारखाना एका बिस्किटाला तीन वेष्टने घालतो, त्याने ती वेष्टने परत घेतली पाहिजेत. जो इमारत बांधतो त्याने तिच्या घाणीची सोय केली पाहिजे. जे शहर चालवतात त्यांनी नियम कागदावरून जमिनीवर आणले पाहिजेत. हे सारे घरच्या बाईच्या दोन डब्यांवर ढकलून मोकळे होणे, हेही एक प्रकारचे टाकणेच आहे. कायद्याशिवाय हे व्हायचे नाही.

पण कायद्याला एक मर्यादा आहे, आणि तिथे माझे काम सुरू होते. कचऱ्याच्या शेवटच्या मुक्कामावर कायदा पहारा ठेवू शकतो. त्याचा पहिला मुक्काम म्हणजे माझा हात. तिथे रात्री अकरा वाजता, दिवा मालवण्यापूर्वी, पाते पिशवीत टाकताना कोणता शिपाई येणार? आणि ती बाई सकाळी ज्याने कापली जाते ते देवनारच्या डोंगरातले पाते नव्हे. माझ्या पिशवीतले एकच पाते असते.

म्हणून टाकण्याबद्दल मी स्वतःपुरता एक निर्णय केला आहे. तो फार मोठा नाही. टाकणे हे क्रियापद एकट्याचे नाही. आपण वस्तू टाकतो असे म्हणतो तेव्हा दर वेळी ती कुणाच्या तरी हातात जाते. गाईच्या तोंडात, मातीच्या पोटात, रद्दीवाल्याच्या तागडीत, नाहीतर त्या पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या बाईच्या बोटांत. वस्तू माझ्या हातून सुटताना तो पुढचा हात मला दिसला पाहिजे. तो दिसला आणि तिथे ती सुखाने पोचली, की मग ती माझी नाही. जिला पुढचा हातच नाही, जी कुणालाच नको आहे, ती घरात आणतानाच दोनदा विचार करावा. कारण ती मी कितीही लांब टाकली तरी माझीच राहणार आहे. माळ्यावरचे सारे "ठेवा" मी वर्षभर मिरवतो; खरे तर माझे सर्वांत जपून ठेवलेले सामान देवनारला आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. केर काढणाऱ्या वस्तूला लक्ष्मी म्हणणारी ही रीत फार सुंदर आहे. कित्येक घरांत त्याच रात्री घर झाडून अलक्ष्मीला बाहेर काढतात. आमच्याकडेही आई सूप वाजवीत दारापर्यंत जात असे. मला आता एवढेच विचारावेसे वाटते की, माझ्या दारातून बाहेर काढलेली अलक्ष्मी कुणाच्या दारात जाऊन बसते? माझ्या उंबऱ्याबाहेर जे आहे ते दुसऱ्या कुणाचे तरी आत आहे.

यंदा माळा आवरून झाला आहे. पाते मी पुठ्ठ्यात गुंडाळून, वर लाल शाईची फुली मारून, वेगळ्या डब्यात ठेवले आहे. सुके वेगळे, ओले वेगळे. ओल्यासाठी गच्चीवर एक पिंप आणले आहे, सौ. त्याला "तुमचा उकिरडा" म्हणते आणि शेजारच्यांना कौतुकाने दाखवते. पाडव्याला मी गल्लीच्या टोकाला जाऊन त्या बाईला फराळाचा डबा द्यायचे ठरवले आहे. तिचे नाव विचारायचे आहे. आणि डबा तिच्या हातात, हाताला हात लावून, द्यायचा आहे.